पन्नास हजारांच्या आतला लॅपटॉप

१. कोणत्या कंपनीचा घेऊ?

मुलीला डिप्लोमाला प्रवेश मिळतो, दुकानाचा हिशेब वहीतून टॅलीवर न्यायचं ठरतं, निवृत्तीनंतर राहिलेलं लिखाण हातावेगळं करायचं मनात येतं. मग घरात पहिला प्रश्न निघतो तो हाच : “लॅपटॉप कोणत्या कंपनीचा चांगला?” विचारणाऱ्याची काळजी रास्त असते. चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये म्हणजे बऱ्याच घरांत वर्षभर बाजूला टाकलेली शिल्लक. ती पाच-सहा वर्षं उपयोगी पडावी, एवढीच त्याची अपेक्षा असते.

अडचण अशी, की कंपनीचं नाव सांगून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. प्रत्येक मोठी कंपनी दोन घराण्यांचे लॅपटॉप बनवते. एक घराणं तुमच्या-आमच्यासारख्या ग्राहकासाठी, दुसरं कार्यालयांना शेकड्याने विकण्यासाठी. लेनोवोचा आयडियापॅड पहिल्या घराण्यातला, थिंकपॅड दुसऱ्या. असूसचा व्हिवोबुक आणि एक्सपर्टबुक, एसरचा अस्पायर आणि ट्रॅव्हलमेट या अशाच जोड्या. एचपीकडे पॅव्हिलियन आणि एलिटबुक, डेलकडे इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड अशा जोड्या वर्षानुवर्षं होत्या; २०२५ पासून डेलने ‘डेल’ आणि ‘डेल प्रो’ अशी नावं घेतली. कार्यालयीन घराण्यातलं यंत्र सहसा जास्त दणकट असतं, ते उघडून दुरुस्त करणं सोपं असतं आणि किंमतही जास्त असते. नाव मात्र दोन्हींवर एकाच कंपनीचं.

त्यातही एका नावाखाली आतला माल वेगळा असतो. ‘आयडियापॅड स्लिम ३’ मागितला, तर इंटेलचा प्रोसेसर असलेलाही मिळेल आणि एएमडीचाही, ८ जीबी रॅमचाही आणि १६ जीबीचाही. शेजाऱ्याचा चांगला चाललाय म्हणून तोच आणला, तरी आत वेगळंच काही असू शकतं. यंत्राची खरी ओळख म्हणजे त्याच्या पोटाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक. दुकानात भाव विचारण्याआधी तो मागून घ्या आणि मोबाइलवर कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचा तपशील उघडा.

तो तपशील वाचताना मनात एकच चाळणी ठेवावी : यातलं नंतर काय बदलता येईल आणि काय येणार नाही? प्रोसेसर, पडद्याची जात, कीबोर्ड, बिजागऱ्या आणि बोर्डावर डकवलेली रॅम यांच्याशी यंत्र संपेपर्यंत संसार करायचा असतो. खाचेत बसणारी रॅम, साठवणीची चकती, बॅटरी आणि सॉफ्टवेअर नंतर बदलता येतं. हातात पैसे मोजके असतील, तर ते पहिल्या गटावर आधी खर्च करावेत. या प्रकरणात पुढे जे येईल, ते सगळं याच चाळणीतून गाळलेलं आहे.

२. रोजचं काम म्हणजे किती?

ब्राउझरमध्ये आठ-दहा पानं उघडी, वर्ड आणि एक्सेल, टॅली, झूमवरचा वर्ग, सातबारा किंवा परीक्षेचा अर्ज भरणं, फोटो साठवणं, संध्याकाळी एखादा चित्रपट. या प्रकरणात ‘रोजचं काम’ म्हणजे एवढंच. चित्रपटाचं संकलन, ऑटोकॅडमधली त्रिमित घरं, मोठे खेळ या कामांसाठी वेगळा ग्राफिक्स प्रोसेसर लागतो आणि अंदाजपत्रकही वेगळं. अभियांत्रिकीला निघालेल्या मुलांच्या पालकांनी घाई करू नये. कॉलेज सुरू झाल्यावर कोणती सॉफ्टवेअर वापरावी लागणार, ते शाखेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांना विचारावं आणि मगच खरेदी करावी. पहिल्या वर्षाच्या बऱ्याच कामांना साधा लॅपटॉप पुरतो.

३. ओटा आणि कोठी

जाहिरातीत दोन आकडे शेजारीशेजारी असतात : ८ जीबी आणि ५१२ जीबी. दोन्ही जीबीच, मग एवढा फरक का, हा गोंधळ अनेकांचा होतो.

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. ५१२ जीबी ही कोठी : धान्य, डबे, लोणच्याच्या बरण्या, सगळं तिथे कायमचं ठेवलेलं. ८ जीबी रॅम म्हणजे ओटा. आत्ता जे चिरायचं-परतायचं आहे, तेवढंच ओट्यावर काढायचं. काम संपलं, गॅस बंद केला, की ओटा पुसून मोकळा. वीज गेली की रॅममधलं पुसलं जातं आणि कोठीतलं राहतं, ते असं. ओटा लहान असला, की एक भांडं ठेवायला दुसरं उचलून कोठीत नेऊन ठेवावं लागतं आणि पाच मिनिटांनी तेच परत आणावं लागतं. रॅम कमी पडली की विंडोज हेच करत बसतं. लॅपटॉप ‘अडकतो’ म्हणतात त्यामागे बऱ्याचदा ही ने-आण असते.

आता हिशेब करू. विंडोज ११ सुरू होऊन नुसतं बसलं, तरी ३ जीबीच्या आसपास जागा घेतं. ब्राउझरची दहा पानं दीड-दोन जीबी. झूमचा वर्ग आणि एक्सेलची फाइल मिळून आणखी एक. पडद्यावर चित्र दाखवण्यासाठीही रॅमचाच थोडा भाग राखून ठेवलेला असतो. बेरीज साडेसहा-सातच्या घरात जाते. म्हणजे ८ जीबी आज जेमतेम पुरतं आणि चार वर्षांनी पुरणार नाही. ४ जीबीवर विंडोज ११ बसवता येतं, कंपनीची किमान अट तेवढीच आहे. पण त्यावर रोज काम करायला लागणं ही शिक्षा आहे. ४ जीबीचा नवा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला, तरी घेऊ नये.

इथे दुकानात विचारायचा प्रश्न असा : “रॅम ऑनबोर्ड आहे की स्लॉट आहे?” ऑनबोर्ड म्हणजे बोर्डावर डकवलेली, कधीच न बदलता येणारी. काही यंत्रांत ८ जीबी डकवलेली असते आणि शेजारी एक खाच रिकामी असते. त्यात पुढे आणखी ८ जीबीची पट्टी बसते, म्हणून असं यंत्र आज ८ जीबीवर घ्यायला हरकत नाही. खाचच नसेल, तर १६ जीबीच घ्यावी, त्यासाठी दुसरीकडे काटकसर करावी लागली तरी. दुकानदार “वाढते हो रॅम” म्हणाला, तरी शब्दावर जाऊ नका. टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर गेलं, की किती खाचा आहेत आणि किती भरल्या आहेत ते बहुतेक यंत्रांवर दिसतं, कंपनीच्या तपशिलातही ते असतं.

कोठीचे प्रकार तीन. जुन्या यंत्रांत हार्ड डिस्क असते. तिच्या आत एक तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेरीची वाट पाहावी लागते, साधारण साडेपाच हजारांश सेकंद. त्यात सुई जागेवर सरकण्याचा वेळ मिळवला, की एका शोधाला पंधरा हजारांश सेकंदांच्या आसपास लागतात. वाचायला हा वेळ नगण्य वाटतो. पण विंडोज सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात, आणि म्हणून चहा होईपर्यंत गोल फिरत राहतं. दुसरा प्रकार एसएसडी. तीत फिरणारं काही नाही. एक शोध हजारांश सेकंदाच्या दहाव्या भागात होतो. रोजच्या कामात एवढा फरक दुसरा कुठलाच भाग पाडत नाही. घरात जुना, रडतखडत चालणारा लॅपटॉप असेल, तर नवा घेण्याआधी त्याला २५६ जीबीची एसएसडी बसवून पाहा. कित्येकदा नवा घ्यायची गरजच उरत नाही.

तिसरा प्रकार ईएमएमसी. हा मोबाइलमध्ये असतो तसा, बोर्डावर डकवलेला. अगदी कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीचा असतो. विंडोजची अद्ययावत आवृत्ती उतरवायलाही त्यात पुढे जागा उरत नाही, आणि तो बदलताही येत नाही. टाळावा.

५१२ जीबीचा लॅपटॉप घरी आणला आणि विंडोज ४७६ जीबी दाखवतंय, म्हणून फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी एक जीबी म्हणजे बरोबर एक अब्ज बाइट धरते. विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. ५१२ अब्जाला त्या आकड्याने भागलं, की ४७६ येतात. माप वेगळं, माल तेवढाच.

४. प्रोसेसरच्या नावातले आकडे

“आय७ आहे, घ्या” हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं. आय३, आय५, आय७ ही त्या-त्या वर्षाच्या पिढीतली उतरंड आहे. पिढी पुढच्या आकड्यांत दडलेली असते. आय७-७५००यू यातला रेघेनंतरचा ७ सातवी पिढी सांगतो. हा प्रोसेसर २०१६ चा, दोन कोरचा. कोर म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणारा एक विभाग. आय३-१२१५यू यातला १२ बारावी पिढी सांगतो. हा २०२२ चा, सहा कोरचा. नावाने ‘तीन’ असलेला हा रोजच्या कामात त्या ‘सात’ला सहज मागे टाकतो. शेवटचं ‘यू’ हे अक्षर कमी वीज खाणारा प्रोसेसर दाखवतं, ‘एच’ असेल तर जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. आपल्या कामाला यू पुरतो. २०२४ पासून इंटेलने नव्या प्रोसेसरांच्या नावातला ‘आय’ काढून ‘कोर ३’, ‘कोर ५’ अशी नावं ठेवली. तिथे पिढी ओळखायला तो प्रोसेसर कोणत्या वर्षी बाजारात आला, ते शोधावं.

एएमडीच्या रायझनमध्ये जास्त बारकाईने पाहावं लागतं. रायझन ५ घराण्यातले ७५२०यू आणि ७५३०यू हे दोन घ्या. एका अंकाचा फरक. ७००० च्या मालिकेत पहिला अंक वर्ष सांगतो, प्रोसेसरची आतली रचना कोणती ते तिसरा अंक सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे ‘झेन २’, २०१९ मध्ये आलेली रचना, आणि कोर चार. ७५३० मधला ३ म्हणजे ‘झेन ३’, पुढच्या वर्षीची रचना, आणि कोर सहा. ७५२०यू सोबतची रॅम नेहमी डकवलेलीच असते, तेही लक्षात घ्यायला हवं. वर्डमध्ये पत्र लिहायला दोन्ही चालतील. पाच वर्षं वापरायचं असेल तर ७५३०यू घ्यावा. दोन्हींवर ‘रायझन ५’ एवढंच ठळक छापलेलं असतं, म्हणून चार अंक वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सेलेरॉन एन४०२० सारखे दोन कोरचे प्रोसेसर अजूनही काही स्वस्त यंत्रांत दिसतात. झूम चालू असताना त्यावर दुसरं काही करणं जड जातं. मुलांच्या ऑनलाइन वर्गासाठी म्हणून नेमके हेच विकले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याऐवजी इंटेलचा एन१०० हा चार कोरचा छोटा प्रोसेसर असलेलं यंत्र मिळालं, तर हलक्या कामाला ते खूप बरं.

५. हाताला लागणारे भाग

तपशिलाच्या कागदावर जे नीट कळत नाही, त्यानेच लॅपटॉप बहुधा मोडतो. दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ बसलं, की “हिंज तुटला” हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. हिंज म्हणजे पडदा आणि खालचं अंग जोडणारी बिजागरी. बिजागरी लोखंडी असते, ती सहसा तुटत नाही. तुटतं ते तिच्याखालचं प्लास्टिक. स्वस्त यंत्रांत प्लास्टिकच्या बारीक खुंट्यांत पितळेचे छोटे नट गरम करून दाबून बसवलेले असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्या नटांत पिळलेले असतात. बिजागरी घट्ट असेल आणि पडदा रोज एका कोपऱ्याला धरून उघडला जात असेल, तर सगळा ताण एकाच बाजूच्या खुंटीवर येतो. एके दिवशी खुंटी फुटते, नट स्क्रूसकट बाहेर येतो, आणि झाकण उघडताना कडेचं प्लास्टिक फाकून आतली फीत दिसू लागते. तसंच वापरत राहिलं, तर पडद्याकडे जाणारी ती फीत तुटते आणि खर्च वाढतो.

म्हणून दुकानात लॅपटॉप बंद करून समोर ठेवा आणि पडद्याच्या मधोमध बोट लावून सावकाश उघडा. दोन्ही बाजू सारख्याच वेगाने उठतात का? कुठे करकर ऐकू येते का? उघडल्यावर पडद्याचा एक कोपरा हलक्या हाताने धरा. सगळा पडदा पातळ पत्र्यासारखा पिळवटत असेल, तर ते झाकण फार वर्षं टिकणार नाही. मग कीबोर्डच्या मधोमध दोन बोटांनी दाबून पाहा. तिथे खोलगट होत असेल, तर रोज पाच-पाच पानं टंकणाऱ्यांनी ते यंत्र घेऊ नये. दुकानदार नाराज झाला तर होऊ द्यावा.

‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दांवर भाळू नका. अमेरिकी संरक्षण खात्याचं ‘मिल-एसटीडी-८१०एच’ हे प्रमाण म्हणजे चाचण्या कशा घ्याव्यात याची पद्धत. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या, ते कंपनी ठरवते. सैन्याने यंत्राला पसंती दिली असा त्याचा अर्थ होत नाही. किती चाचण्या आणि कोणत्या, हे कंपनीने छापलं असेल तर ते वाचावं.

पडद्यात ‘फुल एचडी’च घ्यावा. साध्या एचडीत १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आत ठिपके. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त. दुप्पट. एक्सेलचे जास्त स्तंभ दिसतात, आणि देवनागरीतले रफार, जोडाक्षरं, अनुस्वार ठळक येतात, डोळ्यांना शीण कमी पडतो. दुसरं, ‘आयपीएस’ जातीचा आहे का ते पाहा. जुन्या ‘टीएन’ जातीच्या पडद्याकडे जरा वरून किंवा खालून बघितलं, की रंग उलटेपालटे दिसतात. तेजस्विता ‘निट’ या मापात सांगतात. २५० निट घरात पुरतात, खिडकीशी किंवा ओसरीवर बसून काम करायचं असेल तर ३०० किंवा जास्त हवेत. हिशेबाचं काम असेल, तर १५.६ इंचाच्या यंत्रात सहसा उजवीकडे आकड्यांच्या कळांचा वेगळा गठ्ठा मिळतो, तो मोठा सोयीचा. रोज लोकल किंवा एसटीने नेणाऱ्याने १४ इंची पाहावा.

६. बॅटरीचे तास

“८ तास चालते” ही जाहिरात मंद उजेडात, मोजक्या कामावर घेतलेल्या चाचणीवर उभी असते. स्वतः गणित करता येतं. बॅटरीवर तिची क्षमता वॉट-अवरमध्ये लिहिलेली असते, समजा ४१. लिखाण आणि ब्राउझर चालू असताना यंत्र साधारण ८ वॉट वीज खातं. ४१ भागिले ८, म्हणजे जेमतेम पाच तास. पूर्ण उजेड ठेवून झूमचा वर्ग असेल, तर १४ वॉट धरा. तीन तासांच्या आत आटोपतं. दिवसा भारनियमन असलेल्या गावी हा हिशेब खरेदीआधीच करावा, आणि पन्नास वॉट-अवरच्या आसपासची बॅटरी शोधावी.

लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. उष्णता आणि सदोदित शंभर टक्के भरलेली अवस्था, या दोन गोष्टी ती लवकर म्हातारी करतात. टेबलावर कायम चार्जर लावून काम करणाऱ्यांनी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असली, तर ती चालू करावी. बॅटरी हा बदलता येणारा भाग आहे. मात्र तीन-चार वर्षांनी त्या मॉडेलची मूळ बॅटरी आपल्या शहरात मिळेल का, याची चौकशी आजच करून ठेवावी.

७. ऊन, धूळ, खारी हवा आणि वीज

लॅपटॉपच्या तपशिलाच्या तळाशी एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही : चालण्यासाठी योग्य तापमान, बहुतेक कंपन्यांत ३५ अंशांपर्यंत. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला पारा ४५ च्या घरात असतो. पंख्याखालच्या खोलीतही ३५ ची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. यंत्र लगेच जळत नाही. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग आपणहून कमी करतो, म्हणून दुपारी तेच काम हळू होतं आणि रात्री झरझर. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी जास्त ताकदीचा एच प्रोसेसर घेऊन त्याला तापवण्यापेक्षा थंड राहणारा यू घ्यावा, आणि कष्टाचं काम सकाळी उरकावं.

हवा आत घेण्याच्या जाळ्या बहुतेक लॅपटॉपच्या पोटाला असतात. गादीवर किंवा उशीवर ठेवलं, की त्या बंद होतात. मांडीवर घेऊन बसायचं तर खाली एखादी पाटी किंवा मोठं पुस्तक घ्यावं. वर्षा-दीड वर्षाने पंख्याची धूळ काढून घ्यावी. जाणकार माणूस अर्ध्या तासात करतो.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर शत्रू वेगळा. खारी, दमट हवा जोडण्यांवर बसून तांब्यावर हिरवट थर धरते. पावसाळाभर लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवणं तिथे सगळ्यांत वाईट. रोज थोडा वेळ चालू ठेवला, की आतल्या उष्णतेने तो कोरडा राहतो.

आता वीज. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, म्हणून दाब कमी-जास्त होतो एवढ्यासाठी स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही. धोका क्षणभर उसळणाऱ्या दाबाचा, विशेषतः वळवाच्या विजांचा. गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढावा. याहून खात्रीचा उपाय नाही. स्पाइक गार्डचं पूर्ण संरक्षण मिळायला घरात अर्थिंग लागतं. जुन्या वाड्यांत, चाळींत ते नसतं. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावून काम चालवलं, की धातूच्या अंगाला हात लागताच मुंग्या आल्यासारखं होतं. चार्जरमधल्या कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह गळत असतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या हाताकडे येतो. लॅपटॉप बिघडला असं समजून दुकानात धावू नका, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

८. विंडोज, ऑफिस आणि मराठी

‘डॉस’ असं लिहिलेला लॅपटॉप दोन-चार हजारांनी स्वस्त दिसतो, कारण त्यात विंडोज नसतं. चोरीचं विंडोज टाकून देणाऱ्याकडून ते घेऊ नका. त्यासोबत काय आत येतं ते कळत नाही, आणि त्याच यंत्रावर तुमचं बँकेचं खातं उघडतं. ‘एस मोड’मधलं विंडोज आलं तर घाबरू नका, त्यातून विनाशुल्क बाहेर पडता येतं, परत आत जाता येत नाही. ऑफिसबाबत विचारा : कायमचं आहे की वर्षभराचं? वर्षभराचं असेल, तर पुढच्या वर्षीचा खर्च आजच्या किमतीत धरा. खर्च नको असेल, तर लिब्रेऑफिस फुकट आहे आणि घरगुती पत्रं-तक्त्यांना पुरतं.

मराठी टंकण्यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली, की इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टंकण्याचा फोनेटिक, असे दोन्ही कीबोर्ड मिळतात.

९. जुना, पण कार्यालयातून आलेला

तीस हजारांच्या आत बसवायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे : नव्या हलक्या यंत्रापेक्षा चांगल्या अवस्थेतला वापरलेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक घ्यावा. मोठी कार्यालयं तीन-चार वर्षांनी सगळी यंत्रं एकदम बदलतात आणि जुनी बाजारात येतात. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, अशी दुकानं आहेत. इतर शहरांतही आहेत. या यंत्रांचं अंग भक्कम असतं आणि सुटे भाग मिळतात.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पिढी. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर मागचे चालत नाहीत. वर आलेला आय७-७५००यू त्या यादीत नाही. म्हणून आठव्या पिढीच्या मागे जाऊ नका; शक्य असेल तर दहावी-अकरावी पाहा.

दुसरी, बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून रोमन अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टंका. एक फाइल तयार होते. तिच्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे दिसतात. मूळ ५०,००० आणि आजचा २८,००० असेल, तर ५६ टक्केच बॅटरी उरली. नव्या बॅटरीची किंमत भावातून कमी करून मागा.

तिसरी, कुलूप. यंत्र पूर्ण रिसेट करायला लावा आणि इंटरनेट जोडून सुरू करा. जुन्या मालकाच्या कंपनीचं नाव किंवा तिचा लॉगिन दिसला, किंवा बायोस पासवर्ड मागत असेल, तर यंत्र कितीही छान असलं तरी परत ठेवा. ते पुढे कधीही अडवू शकतं.

चौथी, बिल. बिलावर अनुक्रमांक आणि किमान काही महिन्यांची हमी लिहून देणाऱ्याकडूनच घ्यावं.

१०. पैसे देताना आणि दिल्यावर

नव्या यंत्रावर हमी सहसा एक वर्षाची. ती ‘ऑनसाइट’ आहे की ‘कॅरी-इन’, हे फार महत्त्वाचं. ऑनसाइट असेल तर माणूस घरी येतो. कॅरी-इन असेल तर यंत्र तुम्ही सेवा केंद्रात न्यायचं. गडचिरोलीत किंवा सिंधुदुर्गात राहणाऱ्याला त्यासाठी किती तास प्रवास करावा लागेल, ते आधी पाहावं. खरेदीपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून जवळचं केंद्र शोधा आणि तिथे फोन करून विचारा : या मॉडेलचा कीबोर्ड आणि पडदा किती दिवसांत मिळतो? या एका फोनमधून ‘कोणती कंपनी चांगली’ याचं तुमच्या गावापुरतं उत्तर मिळतं. दोन यंत्रं सारखी वाटत असतील, तर जवळ केंद्र असलेलंच घ्यावं.

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. ४५,००० च्या बिलात मूळ किंमत सुमारे ३८,१३६ आणि कर ६,८६४. घेणारा स्वतः जीएसटी नोंदणीकृत असेल आणि यंत्र धंद्यासाठी असेल, तर आपला जीएसटी क्रमांक घालून बिल घ्यावं. एवढ्या कराची वजावट मिळू शकते.

खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करा. खोक्यावरचा, पोटाखालचा आणि बिलावरचा अनुक्रमांक ताडून पाहा. पहिल्या आठवड्यात सगळं वापरून बघा : पांढऱ्या आणि काळ्या रंगाचं चित्र पूर्ण पडद्यावर लावून मेलेले ठिपके शोधा, प्रत्येक कळ दाबा, प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह लावा, कॅमेरा आणि माइक सुरू करून कोणाशी तरी बोला, बॅटरी एकदा पूर्ण उतरवून तास मोजा. दोष निघाला तर याच दिवसांत बदलून मिळण्याची शक्यता असते. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून हमी कधीपासून धरली आहे ते तपासा. यंत्र दुकानात पडून असेल, तर तारीख तुमच्या बिलाच्या आधीची दिसते. बिलाची प्रत पाठवली, की कंपन्या सहसा ती दुरुस्त करून देतात आणि हमीचे दोन-चार महिने वाचतात.